भिंतीला पॅनल लावण्याआधी: खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी घरातल्या भिंतींना पॅनल, म्हणजे प्लास्टिकच्या किंवा लाकडी शोभेच्या पट्ट्या आणि शीट, लावायचं काम करतो. फोनवर, साइटवर, चहाच्या टपरीवर लोक जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. पुण्या-मुंबईच्या कारागिरांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे काम केलं की काही गोष्टी चुकतात. आपला उन्हाळा वेगळा, माती वेगळी, जुनी घरंही वेगळी.

भिंतीला ओल आहे, पोपडे पडतात. पॅनल लावलं तर झाकलं जाईल ना?

झाकलं जाईल, पण ओल जाणार नाही. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ओल कुठून येते ते आधी ओळखा. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंतच पोपडे असतील आणि पांढरी भुकटी सुटत असेल, तर ती जमिनीतून चढणारी ओल आहे. वरून खाली उतरणारा पिवळट डाग असेल, तर गच्ची बघा. बारा महिने एकाच जागी ओलसर धब्बा राहत असेल, तर भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर किंवा पाण्याचा पाइप निघतो. शेवटच्या दोन प्रकारांचा इलाज सोपा आहे. गळती थांबवा, भिंत वाळू द्या, मग काम करा.

जमिनीतून चढणारी ओल मात्र चिवट असते. आपली काळी माती पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल तर विटा ते पाणी वर ओढतात. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं आणि त्यातला क्षार मागे राहतो. तो क्षार प्लास्टरच्या आत फुगतो, त्याचेच पोपडे होतात. आता त्या भागावर चार फुटांपर्यंत प्लास्टिकचं पॅनल ठोकलं तर पाण्याला उडून जायला जागा राहत नाही. मग ते आणखी वर चढतं. अमळनेरकडच्या एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी कुणीतरी चार फुटांपर्यंत पॅनल लावून दिलं होतं. दोन पावसाळे गेल्यावर पोपडे साडेपाच फुटांवर पडायला लागले. पॅनल काढलं तर मागचं प्लास्टर हाताने खरवडून निघत होतं आणि लाकडी पट्ट्या कुजल्या होत्या. त्या घरच्या आजींना बारा महिने खोकला होता. खोकला बुरशीमुळेच होता असं मी म्हणणार नाही, पण पट्ट्यांच्या मागे बुरशीचा काळा थर होता हे खरं.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला बंद करा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर भिंतीत पाणी आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा आहे.

भिंतीत पाणी निघालं तर आधी अंगणाचा उतार घरापासून दूर करून घ्या आणि पन्हाळीचं पाणी जोत्यात मुरू देऊ नका. मग क्षार धरलेलं प्लास्टर, पोपडे जिथपर्यंत आहेत त्याच्या फूटभर वरपर्यंत विटेपर्यंत काढा. गरज असेल तर भिंतीच्या बुडाशी छिद्रं पाडून ओल अडवणारं रसायन भरून घ्या. नवं प्लास्टर केल्यावर किमान महिनाभर भिंत उघडी ठेवा. एवढं करायची तयारी नसेल तर त्या भिंतीला पॅनल लावू नका. मी ते काम घेत नाही.

कोणत्या महिन्यात काम करावं?

भिंत बघायची भाद्रपदात, पॅनल लावायचं मार्गशीर्षात. पावसाळा संपता संपता भिंतीचा खरा रंग कळतो. दिवाळीनंतर ती वाळलेली असते आणि हवाही मध्यम असते. बरेच जण श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आधी घर नवं करायला घेतात. रंगरंगोटीला ते ठीक आहे, पण ऐन पावसात पॅनलने भिंत बंद करणं मला पटत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लग्नं असतात म्हणून चैत्र-वैशाखातही कामं निघतात. तेव्हा केलं तरी चालतं, फक्त पुढच्या उत्तरातली काळजी घ्या.

उन्हाळ्यात पॅनल फुगतं, सुटून पडतं असं ऐकलंय. खरं आहे का?

खरं आहे, पण दोष बहुतेक वेळा लावण्यात असतो.

पीव्हीसी, म्हणजे या पॅनलचं प्लास्टिक, उष्णतेने लांबतं. प्रत्येक अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण दहा फुटी पॅनल म्हणजे तीन मीटर. हिवाळ्यात १५ अंशांना लावलेलं पॅनल मे महिन्यात ४५ अंशांना गेलं, की फरक ३० अंशांचा. हिशेब करा, साडेचार ते सात मिलिमीटर लांबी वाढते. वर छताला आणि खाली फरशीला घट्ट बसवलेलं असेल तर ती वाढ जाणार कुठे? पॅनल मधे पोट काढतं.

म्हणून वर आणि खाली चार-पाच मिलिमीटरची फट ठेवायची. वरची फट कॉर्निसच्या पट्टीने झाकायची आणि खालची स्कर्टिंगने. ही पट्टी पॅनलला चिकटवायची नाही, भिंतीला धरायची. नाहीतर फट ठेवूनही उपयोग नाही. उलट भर उन्हाळ्यात काम केलं तर पौषात पॅनल आखडतं, त्यामुळे एकमेकांत अडकणारी जिभळी पूर्ण आत गेली आहे ना, हे प्रत्येक जोडाला बघायचं.

दुसरी गोष्ट, माल आल्याबरोबर लावू नका. टेम्पोत उन्हात तापलेला माल त्याच खोलीत सपाट आडवा टाकून एक-दोन दिवस राहू द्या. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर तो वाकतो आणि मग सरळ होत नाही. गच्चीवर तर मुळीच ठेवू नका. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि उन्हात झाकून ठेवलेल्या गडद मालाचा गठ्ठा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

चिकटवून लावावं की फ्रेम मारून?

आपल्याकडे फ्रेमच.

सुरुवातीच्या वर्षांत मी भुसावळला एका हॉलची पश्चिमेची भिंत नुसत्या सिलिकॉनवर केली होती. भिंत सपाट होती, वेळ कमी होता, मालकांनाही खर्च वाचवायचा होता. जानेवारीत काम झालं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री मोठा आवाज होऊन तीन पॅनल खाली आली. सुदैवाने खाली कुणी झोपलेलं नव्हतं. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापत जाते आणि संध्याकाळी उशिरा आतून सगळ्यात गरम असते. त्यात भिंतीला ऑइलपेंट होता आणि सिलिकॉनने भिंतीला नाही तर रंगाला धरलं होतं. रंगच सोलून आला. ती भिंत मी माझ्या खर्चाने परत केली.

फ्रेमसाठी अॅल्युमिनियमचा सेक्शन किंवा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) चॅनल वापरा. पॅनल उभं लावायचं असेल तर फ्रेमच्या पट्ट्या आडव्या येतात, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर दीड ते दोन फुटांपेक्षा जास्त नको. ओळंबा आणि पाणसळ लावून आधी फ्रेमच एका पातळीत आणायची. जुन्या घरांत बारा फुटी भिंत इंचभर सहज पोट काढून असते. तो फरक फ्रेमच्या मागे पाचर देऊन काढायचा, पॅनल ओढूनताणून नाही. पहिलं पॅनल ओळंब्यात नसेल तर पंधरावं पॅनल कोपऱ्यात पाचरीसारखं कापावं लागतं. माणसाची नजर ते लगेच पकडते.

चिकटवायचंच असेल, तर फक्त आतली, सावलीतली भिंत. रंग खरवडून प्लास्टर उघडं करा, धूळ पुसा, आणि चिकटवणीच्या जोडीला वर-खाली स्क्रूही मारा.

पीव्हीसी, डब्ल्यूपीसी, चारकोल, एमडीएफ, मार्बल शीट. यातलं काय घ्यावं?

खोली कोणती आणि भिंत कशी, यावर आहे. पीव्हीसीचं पोकळ पॅनल बहुधा दहा इंच रुंद आणि दहा फूट लांब येतं. हलकं, स्वस्त, पाण्याला घाबरत नाही, पण धक्का लागला की खळगा पडतो. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं. लूव्हर, म्हणजे खाचांच्या नळ्यांसारखी दिसणारी पॅनल, बहुतेक यातली असतात. हॉलची एक भिंत उठून दिसावी असं वाटत असेल तर मी हेच सुचवतो. यूव्ही मार्बल शीट, म्हणजे संगमरवरासारखी दिसणारी प्लास्टिकची शीट, आठ बाय चार फुटांची, साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या चकाकीमुळे भिंतीतला प्रत्येक खड्डा दिसतो, म्हणून मागे प्लाय किंवा सिमेंट बोर्ड देऊन पाया सपाट केल्याशिवाय लावू नये.

चारकोल पॅनल नावाने फसू नका. बहुतेक माल पॉलिस्टायरिनचा असतो. वजनाला अगदी हलका, दिसायला सुंदर, पण आगीजवळ धोक्याचा.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक चुरा गोंदाने दाबून केलेला बोर्ड. त्यावर नक्षीकाम छान होतं. मात्र पाणी लागलं की ते फुगतं आणि पुन्हा बसत नाही. जिथे खिडकीत कूलर लावता, त्या भिंतीला एमडीएफ कधीच नको. लाकडाचा स्पर्शच हवा असेल तर प्लाय आणि वर विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा). प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा, आयएस ७१० हा मरीन, म्हणजे पाणी सोसणारा. एमडीएफ आणि प्लायमधल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइडचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात. झोपायच्या खोलीसाठी ई-१ किंवा ई-० (हा वायू कमी सोडणारा) दर्जा मागून घ्या, आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा. लहान बाळ असेल तर ही गोष्ट विसरू नका.

जळगावात तर पाइप आणि चटया बनतात. प्लास्टिकचं पॅनल इथलंच चांगलं असेल ना?

गावावरून नाही, मालावरून ठरवा. एकाच मापाची दोन पॅनल हातात घेऊन वजन करून बघा. कापलेल्या टोकाकडून आतल्या उभ्या पडद्यांची जाडी बघा. अंगठ्याने मधे दाबा. एक लहान तुकडा हळूहळू वाकवा. खडूसारखा कडकन तुटला तर त्यात चुनखडीची भुकटी जास्त आहे आणि स्क्रू मारतानाच तडकेल. दुकानदार तुकडा द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.

पॅनल लावल्यावर खोली थंड राहते का?

नुसत्या पॅनलने नाही. पाच-आठ मिलिमीटरचं पोकळ प्लास्टिक किती उष्णता अडवणार? फ्रेमच्या पोकळीत दोन इंचांची रॉकवूल (दगडापासून केलेली, उष्णता अडवणारी लोकर) भरली तर पश्चिमेच्या भिंतीला फरक जाणवतो. तरीही तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल तर तेच पैसे आधी गच्चीवर पांढऱ्या थरासाठी खर्च करा. आपल्याकडे जास्त ऊन छतातून येतं.

भिंतीला तडे आहेत. काळ्या मातीमुळे दरवर्षी उघडतात. त्यावर चालेल?

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आखडते. पाया उथळ असेल तर घर त्यासोबत हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात मिटणारा तडा ही त्याची खूण. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि एक वर्षभर बघा. टोक पुढे सरकत नसेल तर फ्रेमवर पॅनल लावायला हरकत नाही. फ्रेम थोडं हलणं सोसते, चिकटवलेलं पॅनल सोसत नाही. तडा वाढत असेल किंवा त्यात रुपयाचं नाणं सहज जात असेल, तर मला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हलणारा तडा पॅनलने झाकणं म्हणजे घराने दिलेली सूचना पुसून टाकणं आहे.

आमचं जुनं धाब्याचं घर आहे, भिंती मातीच्या. तिथे पॅनल लागेल का?

लागेल, पण शक्यतो लावू नका. मातीची भिंत दमटपणा घेते आणि सोडते, त्यामुळेच ती घरं उन्हाळ्यात सोसवतात. रावेरकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मातीनं घर शे भाऊ, त्याले श्वास लेऊ दे." त्यांच्या मुलाला हॉल नवा हवा होता. आम्ही तोडगा काढला. भिंतीत एकही स्क्रू नाही. जमिनीपासून वरच्या सागाच्या तुळईपर्यंत उभी फ्रेम केली, भिंतीपासून दोन इंच सोडून, आणि वर-खाली जाळीची फट ठेवली. तीही फक्त टीव्हीच्या भिंतीपुरती. बाकी तीन भिंती त्यांनी मातीने लिंपून चुन्याने रंगवल्या. घराला ते शोभूनही दिसलं.

मातीच्या भिंतीत गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, धरत नाही. दोन महिन्यांत भोक मोठं होतं आणि स्क्रू हाताने निघतो. आणि असं घर असेल तर खांबांवरचं, दारांवरचं जुनं सागवान झाकू नका, ही माझी विनंती आहे. तसं लाकूड आता मिळत नाही.

टीव्ही पॅनलवर टांगता येतो का?

पॅनलवर नाही, भिंतीवर. टीव्हीची जागा आधीच ठरवा. त्या जागी फ्रेममध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय भिंतीला पक्का करून घ्या आणि लांब स्क्रूने टीव्हीचा स्टँड त्या प्लायलाच धरा. कपाट, आरसा, जड तसबीर यांनाही हाच नियम. नंतर विचार बदलला तर जागा सापडावी म्हणून पॅनल लावण्याआधी फ्रेमचा टेप धरून फोटो काढून ठेवा.

वाळवी, उंदीर, विंचू पॅनलमागे घर करतील का?

वाळवी पीव्हीसी खात नाही, पण मागच्या लाकडी पट्ट्या खाते, आणि पॅनलमुळे तिची मातीची नळी दिसत नाही. म्हणून फ्रेम धातूची. जिथे वाळवी पूर्वी निघाली आहे तिथे आधी भिंत आणि फरशीच्या सांध्यात औषध मारून घ्या.

उंदीर आणि विंचू यांचा प्रश्न शेताजवळच्या आणि धान्य साठवणाऱ्या घरांत खरा आहे. खालची फट स्कर्टिंगने पूर्ण बंद हवी, आणि हवेसाठी जिथे फट ठेवाल तिथे बारीक जाळी हवी. स्विचबोर्डाच्या भोवतीची भोकंही बुजवा. कापूस कोंबून जाऊ नका, उंदीर तो ओढून नेतो.

स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यामागे लावावं का?

गॅसच्या ओट्यामागे नको. तिथे टाइल, काच किंवा स्टीलचा पत्रा. पीव्हीसी जळालं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो घशाला आणि डोळ्यांना फार त्रास देतो. ओट्यापासून लांबच्या, जेवायच्या टेबलाकडच्या भिंतीला चालेल.

देव्हाऱ्याचंही तसंच. रोजची समई भिंतीपासून वीतभरच लांब असते. कानबाईच्या दिवशी तर भिंतीलगत चौरंग मांडून रात्रभर दिवे तेवत ठेवतात. ज्या भिंतीशी तुमच्या घरी कानबाई बसते ती कोणती, हे मी काम घेताना विचारतोच. तेवढी भिंत रंगाची ठेवा किंवा तिथे दगडाची लादी लावा. चारकोल पॅनलच्या पुढ्यात उघडा दिवा कधीही नको.

वायरिंगचं काय?

पॅनलच्या आधी. स्विचबोर्डाची पेटी पॅनलच्या जाडीइतकी पुढे आणावी लागते, नाहीतर प्लेट आत बुडते आणि लोक मग तसंच सिलिकॉनने भरतात. वायरचा जोड पॅनलमागे पुरू नका. भोक पाडताना मेन स्विच बंद ठेवा. भिंतीतला पाइप बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली जातो, त्या पट्ट्यात स्क्रू मारायचा नाही. एलईडी पट्टीचा ड्रायव्हर तापतो, तो हाताला येईल अशा मोकळ्या जागी ठेवा.

माल किती लागेल? कोटेशन कसं वाचायचं?

बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत घ्या. रुंदी १४४ इंच. दहा इंची पॅनल म्हणजे १४.४, म्हणून १५ नग. पाच इंची लूव्हर असेल तर २८.८, म्हणून २९. पण लूव्हरची जिभळी शेजारच्या पॅनलखाली जाते, म्हणून दुकानात दोन नग जोडून प्रत्यक्ष दिसणारी रुंदी मोजा आणि मग भागाकार करा. खिडकीचं माप वजा करायची घाई करू नका, खिडकीभोवतीचे तुकडे पूर्ण पॅनलमधूनच कापावे लागतात.

कोटेशनमध्ये माल, फ्रेम, कडेच्या पट्ट्या आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. 'सगळं मिळून अमुक रुपये फूट' असं असेल तर फ्रेम लाकडी की धातूची हे कधीच कळत नाही. कडेच्या पट्ट्या रनिंग फुटाने मोजतात, आणि बहुतेक भांडणं त्याच रकमेवरून होतात.

स्वतः लावता येईल का?

एक सपाट, कोरडी भिंत आणि हातात ड्रिल, ओळंबा, पाणसळ असेल तर येईल. जिना, कमान आणि छत कारागिराकडून.

साफसफाई?

कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली, मग ओल्या फडक्याने. थिनर आणि अॅसिड नाही. लूव्हरच्या खाचांत धूळ बसते. शेतरस्त्यालगत किंवा कापसाच्या जिनिंगच्या जवळ घर असेल तर आठवड्याला एकदा हात फिरवावा लागेल. ते जमणार नसेल तर खाचांचं डिझाइन घेऊच नका, सपाट घ्या.

काम संपल्यावर कारागिराकडून काय मागून घ्यावं?

दोन जास्तीची पॅनल, त्याच लॉटची. पुढच्या वर्षी तोच कोड मागितला तरी रंगात फरक येतो. मालाचं बिल आणि पॅकिंगवरचा कोड असलेला तुकडा. फ्रेमचे आणि वायरिंगचे फोटो. आणि शक्य असेल तर मजुरीतली थोडी रक्कम पहिल्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा. मी स्वतः तसं ठरवतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन प्रत्येक जोड बघून जातो.